विंचू चावला, हातपाय गार पडले : महाडच्या डॉक्टरांनी काय शिकवले



पावसाळा सुरू झाला की आपल्या घोटी-इगतपुरी पट्ट्यात भाताच्या आवणीची घाई उडते. बाया-माणसे दिवसभर चिखलात, पोरे घरी. रात्री दमून आले की चूल पेटवायला अंधारातच लाकडाच्या ढिगात हात जातो. पावसाने बिळात पाणी शिरलेले असते, म्हणून विंचू आणि साप कोरड्या जागेच्या शोधात भिंतीच्या फटीत, सरपणात, गोधडीत येऊन बसतात. मग कोणीतरी ओरडते, "चावलं गं माय!"

यानंतर वस्तीत काय होते ते आपण सारेच जाणतो. कोणी चुना लावतो, कोणी कांदा चोळतो, कोणी दोरी आवळून बांधतो. एखादी म्हातारी म्हणते, अमक्या पाड्यावरचा बाबा विंचू उतरवतो, त्याच्याकडे न्या. बऱ्याच वेळा माणूस सकाळी ठणठणीत उठतो आणि बाबाचे नाव होते. पण कधीतरी तेच पोर पहाटे धापा टाकू लागते, तोंडाला फेस येतो आणि दवाखाना गाठेपर्यंत सारे संपलेले असते.

असे का होते? एक विंचू नुसता ठणका देतो आणि दुसरा जीव घेतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून आले नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या एका साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आले. ते शोधणाऱ्या डॉक्टरांचे नाव डॉ. हिम्मतराव बावसकर. त्यांनी काय केले आणि त्यातून आपल्या घराने काय शिकायचे, हे या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही सांगणार आहोत.

देहेड ते बिरवाडी

हिम्मतराव बावसकर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या गावी, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती अशी की शिकायचे तर कष्ट करूनच शिकायचे. पडेल ते काम करीत त्यांनी शाळा-कॉलेज पुरे केले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले. हा प्रवास त्यांनी स्वतःच 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात लिहिला आहे.

१९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. महाड म्हटले की आपल्याला आठवते ते चवदार तळे आणि २० मार्च १९२७ चा सत्याग्रह. त्याच तालुक्यात, त्या दिवसांत, विंचवाने माणसे मरत होती. कोकणात तांबड्या रंगाचा एक विंचू आहे. दिसायला लहान, पण विष भयंकर. जंगलात लाकूड तोडणारे, शेतात गवत कापणारे, दगड-विटा उचलणारे आणि जमिनीवर झोपणारी मुले त्याच्या तावडीत सापडत. जुन्या नोंदींप्रमाणे या विषाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत.

तेव्हा पुस्तकात या आजाराबद्दल फारसे काही नव्हते. डॉक्टर जे जवळ असेल ते इंजेक्शन देत आणि वाट पाहत. तरुण बावसकरांनी वेगळे काम सुरू केले. विंचू चावलेला प्रत्येक रुग्ण ते खाटेजवळ बसून पाहू लागले आणि त्याची नोंद ठेवू लागले. किती वाजता चावला, किती वाजता आणला, नाडी किती, रक्तदाब किती, घाम आहे का, उलटी झाली का, हातपाय गरम की गार, श्वास कधी लागला, हे सारे ते लिहून ठेवीत. आज मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग असतो, यंत्रांवर ठोके दिसत राहतात, प्राणवायूची नळी असते. बिरवाडीला तसे काही नव्हते. नाडीवरचे बोट, रक्तदाबाचा पट्टा आणि वही यांच्या बळावर त्यांनी गंभीर रुग्णांची अतिदक्षता केली.

विष शरीरात काय करते

या निरीक्षणातून जे उलगडले ते सोप्या शब्दांत असे आहे.

आपल्या शरीरातल्या नसा एकमेकींना निरोप देत असतात. निरोप देऊन झाला की नस शांत होते. लाल विंचवाचे विष नसांना शांत होऊ देत नाही. त्या निरोप देतच राहतात. घाबरल्यावर किंवा जोरात पळताना शरीरात जी द्रव्ये सुटतात, ती या विषाने महापुरासारखी सुटतात. त्यामुळे हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना हृदयावर प्रचंड ताण येतो आणि रक्तदाब चढतो. हृदय थकले की मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तोंडाला येणारा तो फेस म्हणजे फुप्फुसात भरलेले पाणी. माणूस मरतो तो हृदय आणि फुप्फुस हरल्याने. ते विष पायाच्या बोटातून दोरी बांधून अडत नाही आणि चुन्याने मरत नाही.

डॉ. बावसकरांचे पहिले मोठे काम म्हणजे ही धोक्याची पाऊलवाट त्यांनी आधीच ओळखायला शिकवले. श्वास लागण्याच्या कितीतरी आधी शरीर सूचना देते. एकसारखी उलटी, अंग भिजवणारा घाम, तोंडातून लाळ, गार पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणे, ही ती लक्षणे. आया लाजेने शेवटचे लक्षण सांगत नाहीत. पण डॉक्टरांसाठी ते मोठे निदान आहे, लाजायचे कारण नाही. ही लक्षणे त्यांनी १९८२ साली लंडनहून निघणाऱ्या 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली. जगभरचे डॉक्टर वाचतात त्या पानांवर महाड परिसरातल्या गोरगरीब रुग्णांच्या नोंदी छापून आल्या.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जिथे चावला तिथे प्रचंड ठणका आहे, रुग्ण ओरडतो आहे, पण हातपाय गरम आहेत, घाम-उलटी नाही, असा रुग्ण बहुधा वाचतो. उलट ठणका फारसा नाही, पोर गप्प पडले आहे, घामाने भिजले आहे आणि पाय बर्फासारखे गार आहेत, तो रुग्ण धोक्यात असतो. आपण नेमके उलटे करतो. रडणाऱ्याला घेऊन धावतो आणि गप्प पडलेल्याला "झोपलंय, झोपू द्या" म्हणतो.

एक साधी गोळी

कारण कळल्यावर उपाय शोधायचा होता. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत, तर त्या सैल करणारे औषध द्यायला हवे. दरम्यान डॉ. बावसकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. करायला गेले. एम.डी. झाल्यावर शहरात राहून दवाखाना थाटता आला असता. ते पुन्हा महाडच्याच परिसरात परतले.

सुरुवातीला त्यांनी शिरेतून थेंब-थेंब द्यायचे एक औषध वापरले. त्याने रुग्ण वाचले, पण ते देताना क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागे. खेड्यातल्या प्रत्येक डॉक्टरला ते जमणारे नव्हते. मग त्यांनी प्राझोसिन नावाच्या गोळीकडे वळून पाहिले. ही गोळी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी बाजारात होतीच आणि महागही नव्हती. विंचवाचे विष ज्या रस्त्याने रक्तवाहिन्या आवळते, तोच रस्ता ही गोळी बंद करते. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी मिळून प्राझोसिनचा अनुभव 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला.

परिणाम असा झाला की जिथे शंभरात तीसच्या आसपास माणसे जात होती, तिथे ही गोळी वेळेवर मिळाल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. गोळी तोंडाने देता येते, म्हणून खेड्यातला डॉक्टरही ती लगेच सुरू करू शकतो.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. तेव्हा प्रश्न आला, नुसती गोळी पुरे की लसही द्यावी? डॉ. बावसकर दांपत्याने याचाही अंदाजपंचे निकाल लावला नाही. त्यांनी ७० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपल्याच गोळीचे कौतुक करीत न बसता तिच्याहून चांगले काही आहे का, हे तपासून पाहणे, याला संशोधन म्हणतात.

भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली. पण आपल्यासारख्या वाचकांनी त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१३ साली त्यांनी एका रुग्णाला तपासणीसाठी बाहेर पाठवले, तेव्हा त्या तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावे कमिशनचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. रुग्ण पाठवला म्हणून डॉक्टरला मिळणारे हे पैसे शेवटी रुग्णाच्याच खिशातून जातात. वस्तीतला माणूस दागिना गहाण टाकून तपासणी करतो, तेव्हा त्यातला वाटा कोणाकोणाला जातो, हे त्याला कळतही नाही. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारायला शिका, "साहेब, ही तपासणी कशासाठी? सरकारी दवाखान्यात होईल का?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही.

बाबाच्या मंत्राने विंचू का 'उतरतो'?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मंत्राने विंचू उतरतो असे लोकांना का वाटते?

आपल्याकडे चावणारे बरेचसे विंचू जीवघेणे नसतात. मोठा काळा विंचू पाहून आपण घाबरतो, पण त्याने बहुधा नुसता ठणका लागतो. हा ठणका काही तासांनी आपोआप ओसरतो. त्या काही तासांत बाबाने राख लावली तर राखेला, कोंबडा उतरवला तर कोंबड्याला श्रेय मिळते. काहीच केले नसते तरी तो माणूस बरा झाला असता. आणि जिथे खरोखर विष चढले होते, तिथे माणूस मेला की म्हणायचे, "उशीर केला, आधी आणायला हवं होतं." म्हणजे वाचला तर बाबामुळे आणि मेला तर घरच्यांमुळे!

शिवाय चावणारा विंचू अंधारात दिसतोच असे नाही. तो लाल होता की काळा, यावर पैज लावून पोराचा जीव धोक्यात घालू नये.

या बाबतीत कायदाही आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी "दवाखान्यात नेलं तर मंत्र लागू पडणार नाही" असे सांगत असेल, तर त्याला हे ऐकवा.

विंचू चावला तर काय कराल?

१. रुग्णाला आडवे झोपवा, धीर द्या. चालत नेऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, तंग चप्पल काढून ठेवा, कारण सूज येऊ शकते.

२. किती वाजता चावला ते घड्याळ पाहून लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

३. दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका. चुना, रॉकेल, राख, कसलेही पाला-मुळी लावू नका.

४. हातपायाला हात लावून पाहा. गार आहेत का? घाम, उलटी, लाळ सुरू आहे का? असेल तर एक मिनिटही घालवू नका. धोका कधी अर्ध्या-एक तासात, तर कधी काही तासांनी येतो. म्हणून "आत्ता बरं आहे" असे वाटले तरी लहान मुलाला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.

५. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. निघण्यापूर्वी तिथे फोन करून विचारता आले तर उत्तम. घोटीपासून पुढे नाशिकला न्यायचे ठरले तरी पहिले औषध जवळच्या ठिकाणी सुरू करून मग पुढे जावे. महामार्गावरच्या वाहतुकीत औषधाविना अडकून राहू नये.

६. डॉक्टरांना सांगा, "विंचू चावलाय, इतक्या वाजता चावला, इतक्या उलट्या झाल्या, हातपाय गार आहेत." प्राझोसिन आहे का, असे विचारायला हरकत नाही. मात्र ही गोळी दुकानातून आणून घरी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, उठून बसलेला रुग्ण चक्कर येऊन पडू शकतो. डोस वजनावर ठरतो आणि तो परत परत, तपासून द्यावा लागतो. म्हणून डोस आम्ही इथे मुद्दाम छापलेला नाही. गोळी दिल्यावर मुलाला उचलून कडेवर घेऊ नका, आडवेच ठेवा.

साप चावला तर

इथे एक गोंधळ दूर करतो. सापाची लस विंचवाला चालत नाही आणि विंचवाची सापाला चालत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर मिळून एकच लस असते. साप पकडून आणायची गरज नाही, त्याच्या मागे लागून दुसरा माणूस चावून घेऊ नका.

मण्यारीकडे विशेष लक्ष द्या. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याची खूण आणि वेदना इतकी कमी असते की माणसाला कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली तर "अपचन झालं" म्हणून ओवा देत बसू नका. श्वास बंद पडण्याआधी दवाखाना गाठा. सापाच्या बाबतीत चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीला बांधून हलू न देता नेणे, एवढेच घरचे प्रथमोपचार.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. तो कागदावर राहू नये यासाठी आपणही विचारले पाहिजे. आपल्या आरोग्य केंद्रात सापाची लस आहे का? प्राझोसिन आहे का? रात्री डॉक्टर असतात का? पावसाळ्याआधी महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने जाऊन एकदा विचारून यावे आणि नसेल तर लेखी अर्ज द्यावा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हेही ध्यानात असू द्या.

घरात एवढे करा

सरपण घराच्या भिंतीला लागून रचू नका. भिंतीच्या फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवा. अंधारात लाकडात, बिळात, गवताच्या भाऱ्यात हात घालण्याआधी बॅटरी मारा आणि काठीने हलवा. चप्पल-बूट झटकून घाला. गोधडी झटकून अंथरा. खाट असेल तर मुलांना खाटेवर झोपवा, नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. वीटभट्टीवर आणि दगडाच्या कामावर मुलांना ढिगाऱ्यात खेळू देऊ नका.

शेवटी

आपल्या वस्तीत दहावी-बारावीला चांगले मार्क मिळवणारी मुले-मुली आहेत. त्यांना वाटते, मोठा डॉक्टर व्हायचे तर मोठे शहर, मोठे यंत्र हवे. बावसकरांच्या कामाची सुरुवात रुग्णाकडे नीट पाहण्याने आणि ते लिहून ठेवण्याने झाली. आपल्या मुलांना प्रश्न विचारू द्या. "असं का होतं?" असे विचारणाऱ्या पोराला गप्प करू नका.

आणि आज रात्री एवढे काम कराच. १०८ हा नंबर आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर खडूने दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. जिथे पोरांचा हात पोहोचत नाही पण सगळ्यांची नजर पोहोचते, तिथे. शेजारच्या घरी कोणाला लिहिता येत नसेल तर त्यांच्या दारावरही लिहून द्या.

जय भीम.